चेहरा किती सेकंद?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका तरुण मित्रानं विचारलं होतं की गाण्याचा व्हिडिओ ही दिग्दर्शकाची कलाकृती मानायची की कॅसेट कंपनीची जाहिरात? तेव्हा वेळ संपत आली होती आणि आम्ही “दोन्ही” असं सांगून सुटलो. घरी जाताना वाटलं, हे काही खरं उत्तर नव्हे. ‘दोन्ही’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. म्हणून आजचा सगळा तास त्या प्रश्नाला दिलाय.

आधी या धंद्याची रीत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. रेकॉर्ड कंपनीला अल्बम विकायचा असतो. त्यातलं एक गाणं ती निवडते, पैसा काढते आणि दिग्दर्शकाला बोलावते. दिग्दर्शक दोन-चार पानांची कल्पना लिहून देतो, तिला धंद्यात ‘ट्रीटमेंट’ म्हणतात. पसंत पडली तर एक-दोन दिवसांचं शूटिंग, मग संकलन, मग कंपनीच्या माणसांसमोर रफ कट. दिग्दर्शकाला ठोक रक्कम मिळते. गाणं पुढं वीस वर्षं वाजलं तरी त्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि फिल्म, टेप, हक्क सगळं कंपनीकडं राहतं. आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. परदेशातल्या अनेक करारांत व्हिडिओच्या खर्चाचा मोठा हिस्सा गायकाच्याच रॉयल्टीतून वळता करून घेतात. म्हणजे जाहिरात कंपनीची, पण बिल बऱ्याच अंशी गाणाऱ्याच्या नावावर! दिग्दर्शकाचं नाव तर पडद्यावर यायचंच नाही. अमेरिकेत एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली, पण गाण्याच्या पाटीवर दिग्दर्शकाचं नाव द्यायला तिनं १९९२ उजाडू दिलं. अकरा वर्षं ही कला निनावी होती.

आपल्याकडं हे सगळं नव्वदच्या दशकात आलं. उपग्रह वाहिन्या आल्या, १९९४मध्ये चॅनल व्ही आलं, १९९६मध्ये एमटीव्ही इंडिया. त्याआधी बिगरफिल्मी गाणं म्हणजे गझल, भजन, भावगीत, आणि ते कानानं ऐकायचं. आता कंपन्यांना कळलं की कॅसेट दुकानातून जाते, पण ती जावी असं आधी टीव्हीवर ठरतं. मुंबईत अंधेरी ते मढ आयलंड या पट्ट्यात शिफ्टवर शिफ्ट लागू लागल्या. जाहिरातीतले लोक, फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकती बाहेर पडलेली पोरं, सिनेमात जागा न मिळालेले सहायक, सगळे इथं आले. त्यांत आम्हीही होतो.

‘आम्ही’ म्हणतोय ते मोठेपणानं नव्हे हां. आम्ही चौघं होतो, एकच टोळकं. एक दिग्दर्शन करायचा, एक कॅमेरा, एक संकलन, आणि चौथा उरलेलं सगळं. नाव पुढं कुणाचंही असलं तरी निर्णय चौघांचे असायचे. त्यामुळं पापही चौघांचं. (हशा)

त्यातला एक किस्सा सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत याहून वेगळं घडलं नसतं. गायिका चाळिशीतल्या, शास्त्रीय तालीम झालेल्या, आवाज असा की अंगावर काटा यावा. गाणं पाच मिनिटं वीस सेकंदांचं. दुसऱ्या अंतऱ्यापूर्वी सारंगीचा एक तुकडा होता, बावीस सेकंदांचा. वाजवणारे उस्तादजी साठीच्या पुढचे. कंपनीचा निरोप आला की गाणं पावणेचार मिनिटांच्या आत बसवा, आणि गायिकाबाईंचा चेहरा मुखड्यात दिसलाच पाहिजे. रफ कट बघायला त्यांचा जो माणूस आला तो खिशातून स्टॉपवॉच काढून बसला. खरंच सांगतो. चेहरा आला की बटण दाबायचा, गेला की पुन्हा दाबायचा. शेवटी म्हणाला, “एकावन्न सेकंद. कमी आहे.”

आता या माणसाला आज आम्ही खलनायक करणार नाही. त्याचं गणित चूक नव्हतं. वाहिनीवर दिवसाला मोजक्या जागा, त्यात लांब गाणं घेत नाहीत, आणि नव्या गायिकेचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला नाही तर दुकानात जाऊन ते मागणार काय? तो त्याचं काम करत होता. प्रश्न आम्ही काय केलं हा आहे.

आमचा एक शॉट होता. मढच्या त्या जुन्या बंगल्यात विहीर होती. जिमी जिबवर कॅमेरा लावून विहिरीच्या काठापासून थेट गच्चीपर्यंत नेला होता, संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात. अकरा सेकंद, त्यात चेहरा एक क्षणही नाही. तो शॉट मिळवायला अर्धा दिवस गेला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, हा काढा. आम्ही दोन तास भांडलो. ‘व्हिजन’, ‘मूड’ वगैरे जे शब्द तेव्हा नवे शिकलो होतो ते सगळे वापरले. आणि जिंकलो! शॉट राहिला. रात्री उशिरा अंधेरी स्टेशनबाहेर भुर्जीपाव खाताना आम्हाला वाटत होतं, आज आपण कलेची बाजू राखली.

मग पावणेचार मिनिटांचं कसं जुळवलं? सारंगी काढली. बावीसच्या बावीस सेकंद. त्या तुकड्यासाठी कुणी भांडलंच नाही. कंपनीनं सारंगी काढा असं म्हटलंही नव्हतं, हे लक्षात घ्या. तिनं फक्त मिनिटं सांगितली होती. कात्री कुठं चालवायची ते आम्ही ठरवलं.

उस्तादजी शूटिंगला नवी शेरवानी घालून आले होते. सकाळी सातला बोलावलं होतं, त्यांचा नंबर दुपारी चारला लागला. व्हिडिओ लागल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाले, “बेटा, वो अपना पीस कब आता है? हमने दो बार देखा.” आम्ही सांगितलं, चॅनलनं कापलं. ते म्हणाले, “अच्छा, अच्छा,” आणि फोन ठेवला.

हे सांगायला आम्हाला पंचवीसेक वर्षं लागली. मधल्या काळात आम्हीच अनेक ठिकाणी तावातावानं सांगितलंय की कंपन्या दिग्दर्शकाला कसं काम करू देत नाहीत. त्या भाषणांत विहिरीचा शॉट यायचा, सारंगी यायची नाही. म्हणून हल्ली कुठल्याही दिग्दर्शकाची तडजोडीची कहाणी ऐकली की आम्ही एक साधी गोष्ट विचारतो. याला स्वातंत्र्य किती मिळालं हे नंतर बघू. कात्री हातात आल्यावर यानं स्वतःचं काय वाचवलं आणि दुसऱ्याचं काय कापलं? व्हिडिओ या प्रकाराची समीक्षा इथून सुरू व्हावी असं आमचं मत आहे. प्रतिमा, प्रकाश, संकलनाची लय यांवर बोलायला हरकत नाही, पण ते नंतर.

या नजरेनं काही गाजलेली कामं बघू. १९९०चं शिनेड ओ’कॉनरचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. गाणं मुळात प्रिन्सचं, व्हिडिओ जॉन मेबरीचा. कंपनीला काय हवं असतं? चेहरा. मेबरीनं पॅरिसच्या एका बागेत तिला काळ्या झग्यात चालवलं, पुतळे टिपले, बरंच काही केलं. आणि एक निव्वळ क्लोज-अप घेतला, काळी पार्श्वभूमी आणि तिचा चेहरा. गाता गाता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढं तिनं सांगितलं की आईची आठवण झाली होती. अंतिम व्हिडिओत बागेचे तुकडे अधूनमधून येतात, बाकी सगळा चेहरा. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की दिग्दर्शकाची स्वतःची कारागिरी, म्हणजे ती बाग, ते पुतळे, ते चालणं, मागं सरकली. त्यानं आपली विहीर कापली आणि सारंगी ठेवली.

आणि तो चेहरा कुठला? कंपनीतल्या माणसांनी सुरुवातीला तिला केस वाढव, जरा बायकी कपडे घाल असं सुचवलं, तेव्हा तिनं न्हाव्याकडं जाऊन डोकं भादरून घेतलं होतं. हे तिनंच सांगितलंय. म्हणजे कंपनी चेहरा मागत होती खरी, पण हा चेहरा नव्हे. मेबरीनं मागणी शब्दशः पुरी केली. किती सेकंद हवाय चेहरा? घ्या, जवळजवळ सगळं गाणं. त्या वर्षीचा एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार त्याला मिळाला. स्टॉपवॉचवाल्या माणसाला याहून जास्त काय देणार?

त्याच वर्षी याच्या उलट टोकाची गोष्ट घडली. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या समूहाचं ‘गॉना मेक यू स्वेट’ अमेरिकेत धडाक्यानं गाजलं. त्यातला जो दणदणीत स्त्रीस्वर आहे तो मार्था वॉश या गायिकेचा. पण व्हिडिओत ओठ हलवते ती सडपातळ, तरुण झेल्मा डेव्हिस. वॉश अंगानं भरभक्कम. ‘ब्लॅक बॉक्स’ या दुसऱ्या समूहाच्या गाण्यांतही हेच झालं. आवाज वॉशचा, पडद्यावर एक मॉडेल. वॉश कोर्टात गेली. तडजोड झाली तेव्हा तिच्या आवाजाचं श्रेय देणारी पाटी व्हिडिओवर लावावी अशी विनंती कंपनीला एमटीव्हीकडं करावी लागली, आणि तिच्या खटल्यांनंतर गाणाऱ्याचं नाव छापण्याची शिस्त त्या धंद्यात आली. हा व्हिडिओ नुसता बघायला काय वाईट आहे? काही नाही. नाच आहे, ऊर्जा आहे, कटिंग झकास. पण त्या झकास कटिंगच्या खाली एक बाई गाडलेली आहे, आणि हे कळल्यानंतर तो व्हिडिओ आम्हाला पूर्वीसारखा बघता येत नाही.

इथं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल की आपल्याकडं तर हे रोजचंच आहे. आवाज लताबाईंचा, चेहरा नटीचा, कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. बरोबर आहे. आपल्या प्रेक्षकाला आवाज आणि चेहरा वेगळे ठेवून दोन्हींवर जीव लावता येतो. आमच्या आजोबांच्या पिढीनं बालगंधर्वांना उतारवयातही स्त्रीभूमिकेत डोळे भरून पाहिलं. पण आपल्या पार्श्वगायनात एक सभ्यपणा होता. आवाज कुणाचा हे जगजाहीर असायचं, तेही लगेच झालं नाही, त्यासाठी गायकांना झगडावं लागलं. सुरुवातीच्या तबकड्यांवर तर गौहरजान गाणं संपवताना स्वतःचं नाव स्वतःच सांगायची. आवाजाला चेहरा नसला तरी चालेल, नाव हवं. वॉशच्या बाबतीत नावच लपवलं होतं. फरक तिथं आहे.

आता आपल्या इंडीपॉपकडं येऊ. १९९५चं ‘मेड इन इंडिया’. अलिशा चिनॉय, संगीत बिद्दूचं, दिग्दर्शन केन घोष, आणि शेवटी आपला मिलिंद सोमण. महालात राजकन्या बसली आहे, देशोदेशीचे उमेदवार येतायत, ती नापसंत करतेय. स्वयंवरच ते. कंपनीला गायिकेचा चेहरा हवा होता आणि विकण्याजोगा एक देखणा पुरुषही हवा होता. घोष यांनी दोन्ही दिलं, पण बघणारी तिला केलं आणि बघितला जाणारा त्याला. १९९५ साली हे लहान काम नव्हतं. त्या व्हिडिओबद्दल आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती घोष यांच्यावर नाही. तो इतका चालला की त्यानंतर प्रत्येक कंपनीच्या बैठकीत पहिला प्रश्न यायला लागला, “मॉडेल कोण?” गाणं नंतर.

दलेर मेहंदींना तर लोक तोंडावर म्हणायला लागले की तुमची गाणी चालतात ती मागं नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळं. म्हणून १९९८च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्यांनी एकही मुलगी घेतली नाही असं सांगतात. सगळीकडं तेच, चार-चार दलेर, चार रंगांच्या कपड्यांत, मागं संगणकानं केलेले डोंगर. ते डोंगर आज बघितले तर हसू येतं, तेव्हाही थोडं यायचं. पण त्या व्हिडिओत कुणाचाही बळी दिलेला नाही. गाणारा स्वतःच्या जिवावर उभा आहे, आणि जगभर पोरं अजून त्याची नक्कल करतात. तंत्र कच्चं, पण हिशेब स्वच्छ. आम्हाला तो आवडतो, त्यावर पाहिजे तर नंतर भांडू.

पण आमचं खरं प्रेम आहे ते फाल्गुनी पाठक यांच्या व्हिडिओंवर. आजच्या व्याख्यानाचं निमित्तही तेच. १९९८चं ‘याद पिया की आने लगी’, १९९९चं ‘मैंने पायल है छनकाई’, २०००चं ‘मेरी चुनर उड उड जाए’. आमच्या वेळी समीक्षक वगैरे म्हणवणारे याकडं बघतही नव्हते. कॉलेजच्या पोरींचं काहीतरी, गरब्याची बाई, असं म्हणून सोडून दिलं होतं. आम्हीही सोडून दिलं होतं.

विचार करा, कंपनीपुढं अडचण काय असेल. गाणं पैंजणांचं, बांगड्यांचं, चुनरीचं. आणि गाणारी बाई कापलेल्या केसांची, शर्ट-पँटमधली, नवरात्रात हजारोंना नाचवणारी. त्या काळच्या कंपनीपुढं दोन सोपे रस्ते होते. एक, बाईंना घागरा घाला. दोन, बाईंना गायब करा आणि मुलीच्या ओठांवर गाणं द्या, मार्था वॉशसारखं. या व्हिडिओंमध्ये दोन्ही केलेलं नाही. प्रेम करायला रिया सेन आहे, आयेशा टाकिया आहे. कंपनीची मागणी पुरी. आणि फाल्गुनी पाठक जशा आहेत तशाच, त्याच शर्टात, गोष्टीच्या कडेला उभ्या राहून गातायत. त्या बघतात, हसतात, पोरीला धीर देतात. ‘मैंने पायल’मध्ये तर बाहुल्यांच्या खेळाचा रंगमंचच आहे. हा आपला सूत्रधार झाला! नाटकात सूत्रधाराला नायिका व्हावं लागत नाही. तो खेळ मांडतो, खेळात असतो आणि नसतोही. कंपनीला न आवडणारा चेहरा लपवायचा नाही आणि बदलायचाही नाही, तर त्याला गोष्टीत हक्काची जागा द्यायची, हा तोडगा ज्यांना सुचला त्यांनी आमच्या विहिरीच्या शॉटपेक्षा शंभर पट मोठं दिग्दर्शन केलं.

त्यातून आणखी एक झालं, जे बहुधा कुणीच योजलं नव्हतं. ‘मेरी चुनर’ची गोष्ट आयेशा टाकिया आणि त्रिशा या दोघींच्या जवळिकीवर उभी आहे. बाजूला पुरुषी कपड्यांतली गायिका प्रेमाची गाणी गातेय. त्या वयात घराघरांत टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी मुलींना, ज्यांना मुलीच आवडत होत्या पण त्यासाठी शब्द सापडत नव्हता, त्यात स्वतःची गोष्ट दिसली. पुढं मोठेपणी त्यांनी ते लिहिलं, बोलून दाखवलं. कंपनीच्या फायलीत हे कुठं असेल? तिथं एवढंच असणार, मुलगी सुंदर हवी, गाणं सगळ्या कुटुंबानं बघता यावं. त्या चौकटीत राहूनही आत जागा उरली, कारण गाणारीला कापलं नव्हतं. तिला गायब केलं असतं तर उरल्या असत्या फक्त दोन मैत्रिणी आणि एक चुनरी.

इथं आम्हाला थोडं थांबून उलटही बोलायला हवं, नाहीतर सगळा दोष कंपनीचा आणि सगळं श्रेय चतुर दिग्दर्शकाचं असं पुन्हा व्हायचं. कंपनी नसली की काम आपोआप मोकळं होतं असं नाही. २०००मध्येच ‘मन के मंजीरे’ आलं. आवाज शुभा मुद्गल यांचा, पडद्यावर ट्रक चालवणारी मीता वशिष्ठ. मागं ‘ब्रेकथ्रू’ ही संस्था, विषय घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेली बाई. काम उत्तम आहे, आजही टिकतं. पण तिथंही मागणी होतीच, संदेश पोचला पाहिजे ही. संदेशाच्या हातातही स्टॉपवॉच असतं. मीता वशिष्ठ यांचा चेहरा त्या व्हिडिओला तारतो, कारण तो काही समजावून सांगत नाही. ती गाडी चालवते.

शेवटी हक्कांचं. ‘मैंने पायल’ची नवी आवृत्ती २०२२मध्ये निघाली, नेहा कक्कर यांच्या आवाजात. फाल्गुनी पाठक नाराज झाल्या, आणि तुम्ही कोर्टात का जात नाही असं विचारल्यावर गाण्याचे हक्क आपल्याकडं नाहीत असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. व्हिडिओत ज्यांना कुणी कापलं नाही त्यांना करारानं कापलं होतं. दिग्दर्शक संकलनाच्या टेबलावर वाचवू शकतो ते असं थोडंच असतं, आणि तरी ते त्याच्याच हातात असतं.

आमच्या त्या व्हिडिओची प्रत आता कुठंही नाही. कंपनी बंद पडली, टेपा कुठं गेल्या कुणास ठाऊक. कॅसेट मात्र आमच्यातल्या एकाच्या घरी निघाली. पूर्ण गाणं, पाच मिनिटं वीस सेकंद. आज ती घेऊन आलोय. आधी ‘मेरी चुनर’ पडद्यावर बघू, मग दिवे तसेच मंद ठेवून ही कॅसेट लावू. सारंगी दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी येते. उस्तादजींचं नाव कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात आहे, ज्याला वाचायचंय त्यानं इथं टेबलापाशी या.